स्मॉल की लार्ज, 80 की 100 : रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत आणि अधूनमधून साताऱ्याला, असं माझं होम थिएटर बसवून द्यायचं काम चालतं. वायरी ओढणं, स्टँड ठोकणं एका दिवसात उरकतं. फोन मात्र पुढे सहा महिने येत राहतात, आणि बहुतेक फोन रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या पेटीच्या, मेनूतल्या एकाच पानावरून असतात. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

माझे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे स्पीकर) साडेतीन फूट उंच आहेत. रिसीव्हर त्यांना 'स्मॉल' म्हणतोय. बिघडलाय का?

बिघडला नाही. उलट शहाणा आहे.

साताऱ्यात शाहूपुरीत एका काकांकडे हेच झालं होतं. "एवढे पैसे घालून मोठे घेतले आणि हा त्यांना बारका म्हणतो?" असं म्हणून त्यांनी रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः 'लार्ज' केलं. मी गुमान बसलो. मग एक स्फोटाचा प्रसंग लावला, स्पीकरची जाळी काढली आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वूफर, म्हणजे स्पीकरमधला बेस वाजवणारा गोल भाग, दाखवला. कागदाचा कोन लोहाराच्या भात्यासारखा आतबाहेर होत होता आणि त्याच वेळी पडद्यावरच्या माणसाचं बोलणं फाटत होतं. तोच प्रसंग 'स्मॉल' करून लावला. कोन जेमतेम थरथरला, बोलणं स्वच्छ आलं आणि दणका सबवूफरमधून, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या वेगळ्या पेटीतून आला, तोही आधीपेक्षा खोल. काका काही बोलले नाहीत. "परत लावा" एवढंच म्हणाले.

या शब्दांचा स्पीकरच्या उंचीशी काही संबंध नाही. 'लार्ज' म्हणजे वरपासून तळापर्यंतचा सगळा आवाज या स्पीकरला दे. 'स्मॉल' म्हणजे खालचा बेस त्याच्याकडून काढून सबवूफरकडे पाठव. मेनूत 'बेस सबकडे पाठवू? हो / नाही' असं लिहिलं असतं तर माझे निम्मे फोन वाचले असते.

पण टॉवरला बेस झेपतो की. मग तो काढून का घ्यायचा?

झेपतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात) निम्मी झाली की तेवढाच आवाज काढायला कोनला चौपट हलावं लागतं. 80 हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा कोन 40 ला चार आणि 20 ला सोळा मिलिमीटर हलायला हवा. सहा इंची वूफरला सोळा मिलिमीटर जमत नाही. तो बिचारा खाली ताणत असतो आणि वरचं गाणंही त्याच्याच अंगावर असतं, त्यामुळे दोन्ही बिघडतं.

दुसरी बाब वीजेची. आवाज 10 डेसिबलने वाढवायचा तर वॉट दहापट लागतात, आणि सिनेमातले सगळ्यात मोठे धक्के बेसमध्येच असतात. रिसीव्हरच्या खोक्यावर छापलेले वॉट बहुधा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात. पाच-सात स्पीकर एकदम ओढायला लागले की तेवढे मिळत नाहीत. सबवूफरला मात्र स्वतःचा अँप्लिफायर असतो. खालचं ओझं त्याच्यावर टाकलं की रिसीव्हर मोकळा श्वास घेतो. बरेच टॉवर चार ओहमच्या आसपासचे, म्हणजे जास्त करंट ओढणारे असतात, तिथे तर हा फरक रिसीव्हरच्या पत्र्यावर हात ठेवूनही कळतो.

क्रॉसओव्हर 80 केला म्हणजे 79 हर्ट्झ स्पीकरमधून येणारच नाही?

येणार. क्रॉसओव्हर म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर आणि सबची वाटणी होते ती जागा. तिथे उतार असतो, भिंत नसते. गाणं शिकलेल्यांना सप्तकाच्या भाषेत सांगतो : एक सप्तक खाली म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी. बहुतेक रिसीव्हर स्पीकरला सप्तकामागे 12 डेसिबलने उतरवत नेतात आणि सबला वरच्या बाजूने 24 डेसिबलने. म्हणजे 80 ठेवलं तरी 60-70 ला स्पीकर बऱ्यापैकी वाजत असतो आणि 100 ला सबही थोडा बोलतो. शर्यतीत बॅटन देताना दोघे चार पावलं बरोबर पळतात, तसं. म्हणूनच 80 आणि 90 मधला फरक ऐकू येत नसेल तर कानाला दोष देऊ नका.

सगळे 80 च का सांगतात?

त्यामागे एक माणूस आहे. लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन हॉल्मन यांनी चित्रपटगृहांसाठी टीएचएक्सची मानकं तयार केली, ती 1983 मध्ये आली. पुढे तीच पद्धत घरासाठी आणताना क्रॉसओव्हर 80 हर्ट्झला ठेवला गेला. कारण कानाशी जोडलेलं आहे. साधारण 80 च्या खाली आवाज कुठल्या दिशेने येतोय हे आपल्याला नीट ओळखता येत नाही. त्या आवाजाची एक लाट सव्वाचार मीटर, म्हणजे जवळपास 14 फूट लांब असते. आपल्या दोन कानांत वीतभर अंतर, त्याला काय पत्ता लागणार! त्यामुळे सब सोफ्याच्या बाजूला असला तरी दणका पडद्यातून आल्यासारखा वाटतो.

हेच 150 ला नेलंत तर पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूरच सबमध्ये जाऊन बसतो. मग नायक पडद्यावर आणि त्याची छाती शोकेसखाली, असं काहीतरी ऐकू येतं.

माझ्या स्पीकरला नक्की किती ठेवू?

आधी 80 ठेवा आणि मग तक्रार आली तरच हलवा.

खोक्यावर किंवा पुस्तिकेत स्पीकर कुठपर्यंत खाली जातो ते लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. तो बरेचदा आवाज गळपटायला लागल्यानंतरचा असतो. त्याची दीडपट करा. 55 लिहिलं असेल तर 80 च्या आसपास. पाच-सव्वापाच इंची वूफरच्या बुकशेल्फला (फळीवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरला) 80 ते 100, साडेसहा इंचीला 60 ते 80. पडद्यापाशी मधोमध असलेल्या सेंटर स्पीकरची पेटी सहसा अरुंद असते, त्याला 80-100. भिंतीवरच्या तळहाताएवढ्या सॅटेलाइटला 120 ते 150 शिवाय गत्यंतर नाही, मग सब निदान पडद्याजवळ समोर ठेवा. छतातल्या स्पीकरना 100-120.

प्रत्येक स्पीकरला वेगळा आकडा ठेवला तरी चालतो, त्यासाठीच तर मेनूत 40 पासून 200-250 पर्यंत पर्याय दिलेले असतात. डेनॉन कंपनीच्या रिसीव्हरमध्ये एक गंमत लक्षात ठेवा : समोरचे दोन 'स्मॉल' केले की बाकी कुणाला 'लार्ज' करताच येत नाही. तो दोष नाही, तसंच ठरवलेलं आहे.

माइक लावून ऑटो सेटअप केला तर त्याने 'लार्ज' आणि 40 ठरवलं. मशीनचं ऐकू की तुमचं?

मशीनचं निम्मं ऐका. ऑडिसी असो, यामाहाचं वायपीएओ असो, माइकने खोली मोजणारा हा प्रोग्राम मोजमाप बऱ्यापैकी चांगलं करतो. पण खोलीच्या कोपऱ्याने फुगवलेला बेसही तो स्पीकरचाच समजतो. टॉवर भिंतीला चिकटवून ठेवले की ते हमखास 'लार्ज' येतात. खुशाल 'स्मॉल' करा आणि 80 ठेवा.

नियम एकच : मशीनने सांगितलेल्या आकड्यापेक्षा वर न्यायला हरकत नाही, खाली नेऊ नका. त्याने 90 म्हटलं असेल तर 60 करू नका. स्पीकर जिथे संपतो त्याच्या खाली त्याने दुरुस्ती केलेलीच नसते.

आणि मोजताना माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर ठेवा. सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवू नका. पंखा बंद. मे महिन्यात सांगलीत पंखा बंद करून वीस मिनिटं बसणं म्हणजे शिक्षा आहे, मान्य, पहाटे करा. विश्रामबागेत एका घरी सहाव्या मोजणीला कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून मी डाळ शिजली का हे आधी विचारतो.

सबवूफरच्या मागेही क्रॉसओव्हरचं बटण आहे. ते कितीवर ठेवायचं?

शेवटपर्यंत फिरवून ठेवा, सगळ्यात मोठ्या आकड्यावर. 'एलएफई' किंवा 'बायपास' असा खटका असेल तर तो लावा, म्हणजे बटण कामातून बाद होतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या घरी पहिला सब आला तेव्हा मी रिसीव्हर 80 ला आणि सबचं बटण 'जरा खोल बेस मिळू दे' म्हणून 60 ला ठेवलं. खोल बेस मिळाला, पण ढोलकीचा धुम गायब. बायांची गाणी ठीक, पुरुषी आवाज कोरडे, जेवणात मीठ नाही असे. मी स्पीकर हलवले, सब हलवला, वायर बदलली, दुकानदाराशी भांडलो. तीन रविवार गेले. शेवटी लादी पुसताना सब वळवला तेव्हा ते बटण दिसलं. स्पीकर 80 ला खाली उतरायला लागत होता आणि सब 60 च्या वर जायला तयार नव्हता. मधला पट्टा कुणीच वाजवत नव्हतं. वाटणी एकाच ठिकाणी करायची, रिसीव्हरमध्ये. बांध दोघांनी घातले की मधली जमीन पडीक राहते.

'एलपीएफ फॉर एलएफई' नावाचं वेगळंच काहीतरी आहे. तेही 80 करू का?

नको. 120 ला असतं, 120 ला राहू द्या.

सिनेमाच्या 5.1 मधला (पाच स्पीकर आणि एक सब) तो '.1' म्हणजे एलएफई, खास दणक्यांसाठी वेगळा ध्वनिपट्टा. त्यात 120 हर्ट्झपर्यंतचा आवाज भरलेला असू शकतो आणि तो स्पीकर 'स्मॉल' असोत वा 'लार्ज', सबकडेच जातो. क्रॉसओव्हर फक्त बाकीच्या स्पीकरमधला बेस काढून त्यात आणून मिसळतो. ओढे दोन, विहीर एक. हे सेटिंग 80 केलंत तर एलएफईचा वरचा भाग कापला जातो आणि तो दुसऱ्या कुणाकडेही जात नाही.

'एलएफई + मेन' लावल्यावर दणका वाढतो. ते बरं नाही का?

पहिल्या दिवशी बरं वाटतं. यात टॉवरही पूर्ण बेस वाजवतात आणि सबही तोच बेस पुन्हा वाजवतो. यामाहात याला 'एक्स्ट्रा बेस' म्हणतात. तीन ठिकाणांहून एकच सूर निघाला की खोलीत कुठे तो दुप्पट होतो, कुठे एकमेकांना मारतो. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्याला धडकी, उजवीकडच्याला काहीच नाही. मी बंद ठेवतो.

आम्ही सिनेमे कमी, शास्त्रीय आणि भजनं जास्त ऐकतो. तरी 'स्मॉल'?

हा प्रश्न मिरजेतून येतो आणि मला सगळ्यात आवडतो.

तंबोरा घ्या. पुरुष गायकाचा काळी एकचा तंबोरा असेल तर षड्ज साधारण 139 हर्ट्झ आणि खर्ज त्याच्या एक सप्तक खाली, 69 ला. म्हणजे 80 चा क्रॉसओव्हर ठेवला की खर्जाच्या पितळी तारेचा मूळ सूर बराचसा सबमधून येणार. ऐकून माणसं दचकतात : तंबोऱ्याचे दोन तुकडे? होत नाहीत. कारण तंबोऱ्याचा जीव मूळ सुरात नाही, जवारीत आहे. घोडीवर तार आणि दोरा जुळून जो झणत्कार निघतो तो सगळा वरच्या स्वरांशांचा, शेकडो ते हजारो हर्ट्झचा, आणि तो तुमच्या समोरच्या स्पीकरमध्येच राहतो. कानाला दिशा तिथूनच कळते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना कारागीर घोडी किती बारीक घासतात आणि कितीदा तार छेडून बघतात ते पाहिलंत तर पटेल.

तरीही इथे मी हात सैल सोडतो. टॉवर खरोखर चांगले असतील आणि आवाज बेताचाच ठेवत असाल तर क्रॉसओव्हर 60 करून बघा. सबचा आवाज दोन-तीन डेसिबल कमी करा; पखवाजाचा डावा हात घरात घुमायला लागला की समजा सब जास्त आहे. चांगला लागलेला सब बंद केल्यावर जाणवतो, चालू असताना नाही. आणि एक : काही रिसीव्हरमध्ये 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर डायरेक्ट' दाबलं की बेसची वाटणीच बंद होते आणि सब गप्प बसतो. "गाण्याला सब चालत नाही" अशी तक्रार आली की मी आधी तेच बटण विचारतो.

बेस नुसता घुमतो. क्रॉसओव्हर बदलून जाईल का?

बहुधा नाही. तो खोलीचा प्रताप आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 12 फूट असतील तर 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर तिथे अडकतो. 10 फूट असतील तर 56 च्या. भिंतीजवळ तो फुगतो आणि बरोबर मध्यभागी नाहीसा होतो. म्हणजे सोफा भिंतीला टेकवला की घूं घूं, आणि ऐन मध्ये ठेवला की सब विकत घेतलाच नाही असं वाटतं. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, फुकटात निम्मा आजार जातो.

सबच्या जागेसाठी जुनी युक्ती : सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बेस घट्ट आणि सारखा ऐकू येईल तिथे सब ठेवा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पाहुणे आले असताना तुम्ही रांगत असाल.

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांत जाड मातीच्या भिंती आणि लाकडी पाटण असेल तर कमी त्रास होतो. नव्या फ्लॅटमध्ये संगमरवरी लादी, काचेची सरकती दारं, पडदे नाहीत. तिथे शोकेसमधल्या वाट्याही साथीला वाजतात.

सब सात फुटांवर आहे, रिसीव्हर सोळा फूट दाखवतो. दुरुस्त करू?

करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज काही मिलिसेकंद उशिरा निघतो, आणि एका मिलिसेकंदात आवाज सुमारे 34 सेंटिमीटर जातो. रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून लिहितो. टेप लावून सात केलंत तर बिघडवलंत.

सबवूफरच नाही. मग?

'सबवूफर : नाही' करा. समोरचे स्पीकर आपोआप 'लार्ज' होतात आणि सेंटर आणि सराउंडचा (बाजूच्या-मागच्या स्पीकरचा) बेसही त्यांच्याकडे वळतो. सब विकला, दुरुस्तीला दिला आणि मेनूत 'हो' तसंच राहिलं, असं मी दोनदा पाहिलंय. बेस रोज एका रिकाम्या सॉकेटमध्ये जात होता.

घरात डॉल्बीसारखा आवाज येईल का?

कुठली डॉल्बी म्हणताय यावर आहे. सिनेमातली डॉल्बी ही आवाज साठवायची आणि स्पीकरांत वाटायची पद्धत; ती तुमच्या रिसीव्हरमध्ये आहेच. आपल्याकडे सांगली-साताऱ्यात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. ती घरात नको. त्या भिंतीचा दणका बराचसा छातीत बसणाऱ्या 50-100 हर्ट्झचा असतो, त्याच्या खाली फार काही नसतं. घरातला साधा दहा-बारा इंची सब तिच्यापेक्षा खोल जाऊ शकतो, फक्त हळू आवाजात.

खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

करणारच, बेस स्लॅबमधून चालत जातो. सबखाली जाड रबर किंवा फोम घाला, सामाईक भिंतीपासून दूर न्या, रात्री दहानंतर नाइट मोड (मोठे दणके दाबणारं सेटिंग) लावा आणि सबचा आवाज पाच डेसिबल खाली. क्रॉसओव्हरला हात लावू नका, त्याने शेजाऱ्यांची झोप सुधारत नाही. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन जा.

एकदा सेटिंग केलं की विसरायचं का?

सोफा हलला, जाड पडदे आले, दिवाण गेला की पुन्हा मोजा. 2019 च्या पुरानंतर गावभागात मला सहा-सात ठिकाणी हेच करावं लागलं. रिसीव्हर माळ्यावर चढवले होते ते वाचले, सब जमिनीवर राहिले ते फुगून गेले. उरलेले स्पीकर घाईत जोडलेले, डावा-उजवा अदलाबदल, एकाची लाल-काळी वायर उलटी. वायर उलटी असली की दोन स्पीकर एकमेकांचा बेस खातात आणि क्रॉसओव्हर कितीही फिरवा, काही होत नाही.

म्हणून सगळं मनासारखं लागलं की स्पीकर सेटअपच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा : आकार, क्रॉसओव्हर, अंतर, पातळी, अशी चार पानं. सबच्या मागच्या बटणांचाही एक. मला फोन कराल तेव्हा आधी ते पाठवा.